लग्न सोळापट वेगानं

झाशीच्या मराठी घरात पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवायचा, गणेश मंदिर दाखवायचं आणि घरातल्या एखाद्या लग्नाची कॅसेट दाखवायची, अशी रीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी संध्याकाळवर ढकलल्या जातात आणि कॅसेटचा नंबर जेवणानंतर लगेच लागतो. पाहुणा कूलरसमोरच्या दिवाणावर आडवा झालेला असतो. त्याला पळून जायला वाव नसतो.

माझ्या आतेबहिणीचं लग्न २००९ सालचं. ते डीव्हीडीवरच जन्मलं, कॅसेटचं तोंडही त्यानं पाहिलेलं नाही. तरी आत्याच्या घरी ती ‘कॅसेट’च. नवरा मुलगा कानपूरचा, मराठी नसलेला. त्यामुळे लग्न निम्मं आमच्या पद्धतीनं आणि निम्मं त्यांच्या पद्धतीनं झालं. कॅमेरावाल्यानं दोन्ही निम्मे पूर्ण टिपले. तीन तास.

झाशीतली मराठी घरं ढोबळमानानं दोन प्रकारची: सुभेदारांबरोबर आलेली आणि रेल्वेबरोबर आलेली. पहिली अठराव्या शतकात आली. दुसरी बदलीच्या हुकमानं आली, कारण २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता आणि भुसावळचा माणूस झाशीला टाकणं साहेबाच्या एका सहीचं काम होतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, दुसऱ्या प्रकारातले. पण पहिल्या प्रकारातल्या लोकांशी बोलताना ते आवाज थोडा खाली आणतात. एरवी दोन्ही प्रकारच्या घरांत मराठी सारखंच: क्रियापद आपलं, बाकीचा कारभार बुंदेलखंडाच्या मर्जीवर.

तर यंदा आत्याच्या नातवानं घरातल्या सगळ्या डिस्क एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि जाहीर केलं, “आजी, आता डिस्क शोधायची गरजच नाही. सगळं सर्व्हरवर आहे.”

“सर्व्हर कुठेय?”

“जिन्याखाली.”

“जिन्याखाली तर माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत.”

“त्यांच्या बाजूला.”

“धक्का नको लावूस कशाला,” आत्या म्हणाली. हे बरण्यांबद्दल होतं.

सर्व्हर म्हणजे लाइव्ह फाइव्ह फाइव्ह फाइव्ह नावाचा, फुकट मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम. एका खोलीतल्या यंत्रावर फाइल ठेवायची, दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर बघायची. नातवानं बटण दाबलं आणि लग्न सुरू झालं. आधी गुलाबाच्या पाकळ्या उडाल्या, मग गणपती गरगर फिरत आला, मग वधूवरांची नावं एकेका अक्षरानं, पुरेसा वेळ घेऊन. प्रत्येकाला काय बघायचंय ते ठरलेलं होतं. आत्याला मंगलाष्टकं. आतेबहिणीला, सप्तपदीत नवऱ्याचा फेटा घसरतो तो क्षण, जो ती नवऱ्याला वर्षातून एकदा दाखवते. आतोबांना पंगत. आणि पहिल्या दहा मिनिटांत तर बँडवालाच कोट घालतो आहे.

“जरा पुढे बढव ना,” आत्या म्हणाली.

नातवानं रिमोटवरचं दोन बाणांचं बटण दाबलं. बँडवाल्यानं शांतपणे दुसरी बाही घातली. पुन्हा दाबलं. त्यानं कॉलर नीट केली.

“नाही होत, आजी.”

“का नाही होत? टेपवर तर होत होतं!”

आत्याचा मुद्दा बिनतोड होता. व्हीसीआरच्या जमान्यात फिल्म पुढे पळवणं हे अंगमेहनतीचं काम होतं. फीत एका चकरीवरून दुसऱ्या चकरीवर जायची, मोटार जोरात फिरली की फीत जोरात जायची, आणि पडद्यावर आडव्या पांढऱ्या पट्ट्यांमागून माणसं लगबगीनं लग्न उरकताना दिसायची. कोणालाही काही ठाऊक असण्याची गरज नव्हती, फितीलाही नाही. जिन्याखालच्या कॉम्प्युटरात मात्र फीत नाही, चकरी नाही. तिथे फक्त पुड्या आहेत.

नातवानं लग्न ज्या रूपात साठवलं होतं त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. त्यात सगळा ऐवज १८८ बाइटांच्या सारख्या पुड्यांत बांधलेला असतो. ४.७ जीबीची भरगच्च डिस्क धरली तर हिशेब करा: बरोबर अडीच कोटी पुड्या. प्रत्येक पुडीच्या सुरुवातीला तीच एक ठरलेली खूण. आत चित्राचा तुकडा आहे, आवाजाचा आहे की नुसतं भरताड, हे त्या खुणेवरून कळत नाही. ही बांधणी झाली ती प्रक्षेपणासाठी. तिथे कोण कधी टीव्ही लावील याचा नेम नसतो, म्हणून कुठूनही सुरुवात करता आली पाहिजे. आणि बातम्या पुढे पळवायची सोय कोणाच्या बापाजवळ नव्हती, म्हणून कुठे काय आहे याची यादी देण्याचं कारणही नव्हतं. या बांधणीत अनुक्रमणिका नाही ती अशी.

“मग अंदाजानं घे ना,” आतोबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर मालगाड्या अंदाजानं घेतल्या नसाव्यात अशी माझी आशा आहे. “मंगलाष्टकं साधारण मध्यावर आहेत. मध्यावर जा.”

नातू आज्ञाधारक. त्यानं सव्वा कोटी पुड्या सोडून पुढच्या पुडीपासून सुरू केलं. पडदा आधी करडा झाला. मग त्या करड्यात एका माणसाच्या हाताची नुसती कड नाचू लागली. हात होता, माणूस नव्हता. मग कुठूनसा अर्धा ट्रम्पेट आला. आत्यानं देवाचं नाव घेतलं. क्षणभरात चित्र खडबडून जागं झालं तर काय, वरातच चालू! अजूनही कानपूरकर दारात पोचले नव्हते.

इथे दोन वेगवेगळे घोटाळे एकदम झाले होते, आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

भुताटकीचं आधी. तीन तासांच्या चित्रफितीत, सेकंदाला पंचवीस या दरानं, २,७०,००० चित्रं होतात. ती सगळी पूर्ण साठवायची म्हटली तर जिन्याखाली बरण्यांना जागाच उरणार नाही. म्हणून १९९० च्या दशकातल्या एमपेग मंडळींनी ठरवलं की पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवायचं. त्याला आय फ्रेम म्हणतात. तिच्यात गुरुजी, होम, वधूवर, मागचा लाल पडदा, पडद्याला टाचलेला कागदी गणपती, सगळं पहिल्यापासून सांगितलेलं असतं. तिच्यानंतरची पी फ्रेम एवढंच सांगते: सगळं मघाच्यासारखंच, फक्त गुरुजींचा हात दोन बोटं उजवीकडे सरकला. बी फ्रेम त्याहून आळशी. ती मागच्या चित्राकडेही बोट दाखवते आणि पुढच्याकडेही, आणि स्वतःजवळ जवळजवळ काहीच ठेवत नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीवर असा एक गट साधारण पंधरा चित्रांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. अख्ख्या लग्नात पूर्ण चित्रं भरली सुमारे १८,०००. उरलेली अडीच लाख उसनवारीवर जगणारी. नातवानं उडी मारली ती नेमकी कुठल्यातरी पी फ्रेमवर. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की हात सरकला. कोणाचा, कुठून, हे तिला माहीतच नव्हतं.

दुसरा घोटाळा वरातीचा. पुड्या अर्ध्या झाल्या म्हणजे वेळ अर्धा झाला असं नसतं. जे दृश्य हलत नाही त्याला बाइट कमी लागतात. गुरुजी वीस मिनिटं संकल्प सांगताहेत, वधू मान खाली घालून बसली आहे, वर जांभई गिळतो आहे: हे फार थोड्या बाइटांत भागतं. उलट वरात! रोषणाईचे झगमगते दिवे, धूर, नाचणारे कानपूरकर, घोडी बिथरते आहे, नोटा उडताहेत. प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा वेगळं, उसनं घेणार काय? वरातीनं जवळजवळ अर्ध्या पुड्या आधीच खाल्ल्या होत्या. मराठी पद्धतीचं लग्न यंत्राला स्वस्त पडतं, असं मी आतोबांना म्हणणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही. आपल्याकडे अक्षता आहेत. दोनशे माणसांनी एकदम उडवलेले तांदूळ, प्रत्येक दाणा आपल्या मर्जीनं पडणारा, आधीच्या चित्राशी काडीचा संबंध नाही: कॉम्प्रेशनच्या प्रोग्रॅमला याहून मोठी शिक्षा नाही. जुन्या डिस्कवर ‘सावधान’ म्हटलं की वधूवरांच्या तोंडाचे चौकोन होतात ते यामुळे. कॅमेरावाल्याला उगाच बोल लावतात.

मग उपाय काय? कोणीतरी एकदा, शांतपणे, पहिल्या पुडीपासून शेवटच्या पुडीपर्यंत सगळं लग्न बघायला बसायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. नातेवाइकांत असा माणूस मिळणं कठीण. म्हणून त्या सर्व्हरबरोबर एक वेगळा प्रोग्रॅम येतो, इंडेक्सर नावाचा. तो न कंटाळता अडीच कोटी पुड्या उघडतो आणि मूळ फाइलीशेजारी एक दुसरी फाइल लिहितो. नाव तेच, शेपटाला फक्त एक ‘एक्स’ जास्त. मूळ लग्नाला तो हात लावत नाही. त्या वहीतली एकेक नोंद ११ बाइटांची: हा तुकडा कसला आहे (पूर्ण चित्राची सुरुवात की उसनवारीचं), पुडीत कितव्या बाइटापासून आहे, किती लांबीचा आहे, लग्नाच्या कितव्या सेकंदाचा आहे आणि पुडीचा नंबर काय. बस्स. त्यात आनंद नाही, अश्रू नाहीत, आहेराची यादी नाही.

नोंदी वेळेच्या क्रमानं लागलेल्या असल्यामुळे शोधणं सोपं. तासाभरानंतरचं पाहिजे? वहीचं मधलं पान उघडा. पुढचं निघालं तर मागच्या अर्ध्यात या, त्याचं मधलं पान बघा, पुन्हा अर्धं करा. अठरा हजार पूर्ण चित्रांतून नेमकं हवं ते गाठायला असे पंधरा हिसके पुरतात. आत्याला तिच्या शालूंच्या कपाटात लागतात त्याहून कमी.

आता गंमत ही की रिमोटवरून ‘सोळापट’ दाबलं की लग्न सोळापट वेगानं पळतं, असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही. टीव्ही सर्व्हरला निरोप धाडतो. या निरोपांची भाषा १९९८ साली ठरली, आरटीएसपी तिचं नाव. तिच्यात वेगाचा एक आकडा असतो: १ म्हणजे साधं, २ म्हणजे दुप्पट, आणि वजा आकडा दिला तर उलटं. सर्व्हर तो आकडा वाचतो, वही उघडतो, पुरेशा अंतराअंतरावरची पूर्ण चित्रं तेवढी उचलतो आणि उरलेलं लग्न सरळ टाकून देतो. उचललेल्या चित्रांवर मूळच्या वेळा असतात. त्या तशाच धाडल्या तर टीव्ही म्हणेल, ‘आत्ता १२ वाजून ५ मिनिटं होती, एकदम ८ कशी?’ आणि अडून बसेल. म्हणून सर्व्हर त्यांना नव्या पुड्यांत बांधतो, त्यांवर लागोपाठच्या वेळांचे ताजे शिक्के मारतो आणि साळसूदपणे पुढे सरकवतो. टीव्हीला वाटतं, नेहमीचंच चाललंय. या सगळ्या लबाडीला धंद्यात ट्रिक प्ले म्हणतात.

यात आवाज टाकूनच देतात. सोळापटीत ना बँड, ना सनई, ना मामांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक. एक पाहुणा म्हणून सांगतो, या शोधाचं पुरेसं कौतुक झालेलं नाही.

आणखी एक अडचण असते. पूर्ण चित्र उसनवारीवाल्यांपेक्षा कितीतरी जाडजूड असतं. सगळी पूर्ण चित्रं एकामागोमाग धाडली तर तार किंवा वायफाय तुंबतं. म्हणून एकेक चित्र पडद्यावर थोडं रेंगाळू देतात. पळवताना माणसं चालत नाहीत, एका जागेवरून नाहीशी होऊन दुसऱ्या जागी उगवतात, ती यामुळे. मोठे केबलवाले तर याही फंदात पडत नसत. ते सिनेमाची पळती आवृत्ती आणि उलटी आवृत्ती आधीच वेगळ्या फाइलींत करून ठेवत आणि इंडेक्सचं काम एवढंच उरे, की पळत्या आवृत्तीत बटण सोडलं तर साध्या आवृत्तीत कुठे उतरायचं.

इंडेक्सर कामाला लावून आम्ही संध्याकाळी किल्ल्यावर गेलो. १६१३ साली ओरछाच्या वीरसिंहदेवानं बांधलेला हा किल्ला, पुढे नारोशंकरानं वाढवलेला. तिथला गाइड मला त्या दिवशी एकदम कळला. तो नुसत्या आय फ्रेम दाखवतो. १८४२, गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाई आणि गंगाधररावांचं लग्न. १८५३, गंगाधरराव गेले, आदल्या दिवशी दत्तक घेतलं. झाशी न देण्याबद्दलचं ते वाक्य. तोफ. मग ती जागा, जिथून मुलाला पाठीशी बांधून घोड्यावरून उडी घेतली म्हणतात. तिथे चक्क पाटी लावलेली आहे. मग ग्वाल्हेर, जून १८५८, आणि “आइए, इधर से फोटो अच्छा आता है.” वीस मिनिटांत सोळा वर्षं. मधली उसनवारीची चित्रं त्यानं कधीच टाकून दिली आहेत: कलकत्त्याला धाडलेले अर्ज, त्यांची नकारघंटा, महिना पाच हजारांचं पेन्शन, गंगाधररावांच्या कर्जाचा वाद, सल्ल्याला बोलावलेला जॉन लँग नावाचा वकील. १८५४ ते ५७ ही वर्षं बाईंनी मुख्यतः कागदपत्रांत काढली, पण कागदपत्रांच्या जागी पाटी लावून फोटो कोण काढणार? लग्नाचंही तसंच. १८४२ च्या त्या सोहळ्यातून लोकांच्या तोंडी एकच चित्र उरलंय, नवरीनं भटजींना गाठ घट्ट बांधा म्हणून बजावल्याचं. ती आख्यायिका आहे, पण नेमकं हेच चित्र निवडणारा जो कोण असेल त्याला इंडेक्सरची नोकरी मिळायला हरकत नव्हती.

एकपटीनं बघायचं असेल तर आपल्याकडे विष्णुभट गोडसे आहेत. वरसईहून चार पैसे मिळवायला निघालेला हा गृहस्थ ऐन वेढ्यात झाशीत सापडला आणि २५ वर्षांनी, १८८३ साली, त्यानं सगळं लिहून काढलं. ते छापलं गेलं १९०७ साली. लिहिताना त्यानं काहीही टाकून दिलेलं नाही. दक्षिणा किती, जेवण काय, लूट कशी झाली, आपण लपलो कुठे. गाइडला मी हे नाव सांगितलं. तो म्हणाला, “हओ, होंगे,” आणि पुढच्या आय फ्रेमकडे वळला.

घरी आलो तर मामेसासऱ्यांकडच्या कोणाचा तरी फोन आलेला. त्यांच्या मोबाइलवरचा बारशाचा व्हिडिओ उघडत नाही, नातवानं बघून द्यावा. रेकॉर्डिंग चालू असताना फोनची बॅटरी गेली होती. हा प्रकार फार लोकांना छळतो, म्हणून सांगून टाकतो. मोबाइलची एमपीफोर फाइल आपली अनुक्रमणिका पोटातच बाळगते, पण ती बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी लिहिते, कारण रेकॉर्डिंग संपल्याशिवाय कुठे काय आहे ते तिलाच ठाऊक नसतं. बॅटरी आधीच गेली तर तोवरचं बारसं फाइलीत शाबूत असतं. पाळणा आहे, घुगऱ्या आहेत, कुर्रर्र आहे. फक्त चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगणारं शेवटचं पान लिहायचं राहून गेलेलं. फाइल ३ जीबीची आणि उघडायला नन्नाचा पाढा. त्याच फोनवरची दुसरी धडधाकट फाइल समोर ठेवून तिच्यावरून हरवलेलं पान पुन्हा जुळवता येतं कधीकधी. नातवानं ते करायचं कबूल केलं आणि मोबदल्यात स्वतःसाठी हार्ड डिस्क मागितली. पोरगं झाशीत वाढलेलं असलं तरी हिशेबाला कोकणस्थ आहे.

सकाळी इंडेक्स तयार होता. आत्यानं रिमोट स्वतः हातात घेतला, बटण दाबलं आणि बँडवाल्यानं एका चित्रात कोट चढवला. दुसऱ्या चित्रात घोडी दारात. तिसऱ्यात कानपूरकर आत. आवाज बंद. आतेबहिणीनं फेटा घसरण्याचा क्षण पुढेमागे, पुढेमागे करून पाहिला. मागे न्यायला सर्व्हरला काही कष्ट नाहीत, तो तीच वही खालून वर वाचतो. पी फ्रेम धरून चित्रागणिक मागे जायचं म्हटलं तर मात्र प्रत्येक गट आधी सरळ उलगडून मग उलटा दाखवावा लागतो, म्हणून तो त्या वाटेला जातच नाही. फेटा पुन्हा डोक्यावर चढताना मात्र मध्येच हवेत दिसला. आतेबहिणीला ते सरळ घसरण्यापेक्षा आवडलं.

तीन तासांचं लग्न चहा निवायच्या आत संपलं. सगळे खूश. फक्त आतोबा गप्प.

“मी कुठे दिसलो?” त्यांनी विचारलं.

“दिसलात की,” आत्या म्हणाली.

“कन्यादानाला नाही. तिथे तर सगळेच दिसतात. पंगतीत. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन जातो मुलाकडच्यांच्या मागून. दरवेळी दिसतो.”

नातवानं समजावलं की सोळापटीत दर तीनचार सेकंदांतलं एखादंच चित्र घेतलं जातं, आणि आजोबा त्या चौकटीतून दोन सेकंदांत पार होतात, तेव्हा ते दोन चित्रांच्या मधेच राहून गेले असणार. आठपटीत बघू या. आठपटीत पातेलं दिसलं. आतोबा नव्हते. चौपटीत त्यांची पाठ आणि सदऱ्याची एक बाही मिळाली.

“माझी काय वही लिहिणाऱ्याला दक्षिणा द्यायची राहिली होती?” आतोबा म्हणाले. “एकपटीनं लाव. पहिल्यापासून.”

नातवानं माझ्याकडे बघितलं, आत्याला ओट्यावरची डाळ आठवली, आतेबहिणीला कोणाचा तरी फोन आला. मी कूलरसमोर दिवाणावर होतो. गुलाबाच्या पाकळ्या उडू लागल्या.